सीडी४ खाली असताना पाय लुळे पडतात तेव्हा

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उठते त्या आजाराचे, रुग्ण झपाट्यानं वाढले आणि ‘जीबीएस’ हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोहोचलं. त्यातून एक चांगलं झालं. पाय लुळे पडले, जिना चढता येईना, की लोक आता वाट बघत बसत नाहीत, दवाखाना गाठतात. पण रुग्णाला एचआयव्हीचा संसर्ग असेल आणि सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, दोनशेच्या खाली गेलेल्या असतील, तर केसपेपरवर ‘जीबीएस’ एकतर फार लवकर लिहिलं जातं किंवा फार उशिरा. लवकर लिहिलं, की महागडं आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायची रक्तदात्यांची प्रतिपिंडं, सुरू होतं आणि मज्जारज्जूच्या मुळांमधला सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, तसाच वाढत राहतो. उशिरा लिहिलं, तर ‘एचआयव्हीत पायाला मुंग्या येतातच’ असं म्हणत दिवस जातात आणि एका रात्री रुग्णाचा श्वास अपुरा पडतो. हे दोन्ही टळावं म्हणून आम्ही वॉर्डात कोणत्या क्रमानं काय करतो, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे लिहीत आहोत.

प्रतिकारशक्तीच खचली असताना ती स्वतःच्या नसांवर कशी उठेल, हे नातेवाईकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे विचारतात. एचआयव्ही प्रतिकारशक्ती नुसती कमी करत नाही, तिची घडीच विस्कटतो. सीडी४ पेशींमध्येच इतर पेशींना आवर घालणाऱ्या नियामक पेशी असतात. त्या घटल्या की आवर सुटतो. बी पेशी मात्र सतत चेतवलेल्या राहतात, रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन वाढतं, प्रतिपिंडं भरपूर पण नेम नसलेली तयार होत राहतात. जंतूच्या आवरणाशी साधर्म्य असलेल्या नसेवरच्या घटकांना ती चिकटली, की नसेवरचं मायलिनचं वेष्टन किंवा खुद्द ॲक्सॉन, म्हणजे आतला तंतू, मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या तावडीत सापडतो. म्हणून सीडी४ चाळीस आहेत एवढ्यावरून ऑटोइम्यून आजार नाकारता येत नाही. त्याची शक्यता कमी होते, इतकंच.

संसर्ग नुकताच झाला असताना किंवा सीडी४ पाचशेच्या वर असताना जीबीएस आणि चेहऱ्याचा लकवा दिसतो, कधी दोन्ही बाजूंचा. पुष्कळदा एचआयव्हीचं निदानच त्यातून होतं. दोनशे ते पाचशेच्या पट्ट्यात सीआयडीपी येतो, म्हणजे मायलिनवरचा तसाच हल्ला पण महिनोन्महिने चालणारा. नसांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा दाहही याच पट्ट्यात येतो. त्यात आज एका पायाचं पाऊल पडतं, आठवड्यानं दुसऱ्या हाताचं मनगट. दोनशेखाली सर्वांत जास्त भेटते ती पावलांपासून वर सरकणारी, दोन्ही बाजूंना सारखी असणारी न्यूरोपॅथी, म्हणजे नसांची झीज, आणि ती ऑटोइम्यून नसते. पन्नासखाली सीएमव्ही पहिल्या नंबरवर. हे पट्टे काही काटेकोर नाहीत. विशेषतः एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, नुकतीच सुरू झाली असेल, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, कोसळतोय आणि सीडी४ वर चढतायत, तेव्हा परतून आलेली प्रतिकारशक्तीच जीबीएस उभा करू शकते. म्हणून ‘सीडी४ किती’ याच्या जोडीला ‘एआरटी कधी सुरू केली, मध्ये कधी सोडली होती का’ हे विचारल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

खाटेवर आल्या आल्या निदानाच्या आधी श्वास पाहतो. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ दिसतो म्हणून निर्धास्त राहणं हा इथला सर्वांत मोठा धोका. छातीचे स्नायू थकतात तेव्हा ऑक्सिजन सर्वांत शेवटी खाली येतो. त्याआधी मान उचलता येत नाही, खोकला पोकळ होतो, आवाज नाकात जातो. रुग्णाला एक मोठा श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला लावतो. वीसपर्यंत पोहोचता येत नसेल, तर रुग्ण अतिदक्षता विभागाजवळ हवा. आपले एकोणीस, एकवीस, बावीस हे आकडे उच्चारायला लांब आहेत, त्यामुळे इंग्रजी पुस्तकातल्या आकड्याशी तुलना न करता त्याच रुग्णाच्या सकाळच्या आकड्याशी संध्याकाळचा ताडायचा, आणि मोजायला लावायची भाषा बदलायची नाही. स्पायरोमीटर असेल तर २०-३०-४० चा नियम उपयोगी पडतो : फुप्फुसांची क्षमता किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली, आत ओढण्याचा दाब ३० सेंटिमीटर पाण्याच्या आत, बाहेर सोडण्याचा ४० च्या आत, यांपैकी काहीही झालं तर श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी करायची. चेहऱ्याला लकवा असेल तर ओठ मिटत नाहीत आणि स्पायरोमीटरचा आकडा खोटाच कमी येतो. तेव्हा तोंडावर मास्क घट्ट धरून मोजावं. पहिले दोन-तीन दिवस दर दोन ते चार तासांनी नोंद हवी, रात्रीसुद्धा. रात्रपाळीला नोंद सुटते आणि पहाटे धावपळ होते, हे जवळपास सगळीकडे घडतं. म्हणून नोंदीचा कागद खाटेच्या पायथ्याशी टांगलेला बरा.

लगेच पाठवायची पहिली रक्ततपासणी सोडियम-पोटॅशियमची. एआरटीतलं टेनोफोव्हिर काही जणांच्या मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करतं आणि पोटॅशियम, फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातं. त्यात जुलाब लागलेले असले किंवा बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिन चालू असलं, की पोटॅशियम आणखी घसरतं. पोटॅशियम दोनच्या आसपास गेलेला माणूस हुबेहूब जीबीएससारखा लुळा पडतो, रिफ्लेक्ससुद्धा मंदावतात. सलाईनमधून पोटॅशियम दिल्यावर तो उभा राहतो. हे तासाभरात कळण्यासारखं असताना आधी एमआरआयची तारीख शोधत बसू नये.

इतिहास विचारताना आमचा भर चार गोष्टींवर असतो. अशक्तपणा किती दिवसांत वाढला : जीबीएस चार आठवड्यांच्या आत आपल्या टोकाला पोहोचतो, आठ आठवड्यांनंतरही वाढतच असेल तर सीआयडीपीकडे बघायचं. लघवी कधी अडली : जीबीएसमध्ये ती सुरुवातीला सहसा अडत नाही, पहिल्या दिवसांतच लघवी तुंबली, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, कंबरेतून पायात कळा निघतात आणि हात मात्र ठणठणीत आहेत, तर ती सीएमव्हीची खूण समजायची. आधी जुलाब, ताप, नागीण काही झालं होतं का. आणि औषधं कोणती : क्षयावरचं आयसोनियाझिड चालू आहे पण सोबतची बी६ ची गोळी बंद पडली आहे का, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी लिनेझोलिड चालू आहे का, आणि रुग्ण जुना असेल तर स्टॅव्ह्युडिन कधी घेतलं होतं का. भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी मिळू लागली, तेव्हाच्या पहिल्या फळीत स्टॅव्ह्युडिन होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं, पण त्या काळात वर्षानुवर्षं ते घेतलेल्यांच्या पावलांतली आग आणि बधिरपणा अजून गेलेला नाही.

ही जुनी न्यूरोपॅथी नव्या आजाराच्या तपासणीत आडवी येते आणि पाठ्यपुस्तकातल्या खुणा निरुपयोगी करते. घोट्याचा रिफ्लेक्स गेलेला असणं या रुग्णांत काहीच सिद्ध करत नाही, तो कदाचित पाच वर्षांपूर्वीच गेलेला असतो. पाहायचा तो गुडघ्याचा आणि दंडाचा. तेही मंद झाले असतील, चप्पल पायातून निसटण्यापलीकडे मांड्याही उचलत नसतील, तर काहीतरी नवीन घडलं आहे. उलट रिफ्लेक्स उसळते असतील, पाय ताठ असतील, अंगठा वर जात असेल, तर दोष नसांत नाही, मज्जारज्जूत आहे. तिथे मणक्याचा क्षय आधी आठवावा. छाती किंवा पोटावर ‘इथून खाली बधिर’ अशी रेषा सापडली तर त्याच दिवशी एमआरआय झाला पाहिजे, कारण दाब पडलेला मज्जारज्जू वाट बघत नाही. ताकदीची नोंद ‘पाय कमजोर’ अशी मोघम नको. खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा, घोटा, दोन्ही बाजूंचे मिळून बारा गट, प्रत्येकाला ० ते ५. एकूण साठपैकी किती, हा एकच आकडा रोज लिहिला की औषध लागू पडतंय की नाही यावर वाद उरत नाही.

यानंतरचा टप्पा पाठीतलं पाणी काढण्याचा. निदानाचा सगळा कस इथेच लागतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

सुई टोचण्याआधी प्लेटलेट्स पाहायच्या. एचआयव्हीत त्या मुकाट्यानं कमी झालेल्या असतात आणि पन्नास हजारांच्या खाली आम्ही थांबतो. शुद्ध हरपत असेल, झटके आले असतील, एका बाजूचा लकवा असेल किंवा डोळ्याच्या पडद्यावर सूज असेल तर आधी डोक्याचा स्कॅन. पाणी काढताना कंजूषी नको. दोन-तीन मिलिलिटर काढून ‘बाकी नंतर पाहू’ म्हटलं, की दोन दिवसांनी त्याच माणसाला पुन्हा कुशीवर वळवून टोचावं लागतं. प्रौढाचे दहा ते पंधरा मिलिलिटर सुरक्षितपणे काढता येतात. पेशींची बाटली तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे, कारण पाण्यातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल, ठेवल्या ठेवल्या विरघळतात, आणि इथे न्यूट्रोफिलच तर शोधायचे असतात. साखरेच्या बाटलीसोबत त्याच वेळचं रक्तातलं ग्लुकोज हवं. क्रिप्टोकॉकस या बुरशीसाठी क्रिप्टोकॉकल अँटिजेन, क्षयासाठी सीबीनॅट, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, सीएमव्हीचा पीसीआर, आणि लिम्फोमा या कर्करोगासाठी पेशींची तपासणी, एवढं एकाच खेपेला लिहून पाठवायचं. सीबीनॅटला जितकं जास्त पाणी तितकं बरं. सर्वांत मोठा वाटा त्याचा ठेवावा.

एरवी जीबीएसची खूण म्हणजे प्रथिनं वाढलेली आणि पेशी जवळपास नाहीत, सहसा पाचच्या आत. एचआयव्हीत हा नियम ढिला होतो. जीबीएस खराखुरा असूनही पाण्यात दहा ते पन्नास लिम्फोसाइट सापडू शकतात, कारण विषाणू मेंदूच्या आवरणांत स्वतःच सौम्य दाह करत असतो. म्हणून एचआयव्हीची तपासणी न झालेल्या जीबीएस रुग्णाच्या पाण्यात पेशी दिसल्या, की ती तपासणी करायलाच हवी. सीडी४ अगदी तळाला गेले किंवा एआरटीनं व्हायरल लोड दबला, की या लिम्फोसाइट पुन्हा गायब होतात. म्हणजे त्यांचं नसणंही काही सांगत नाही. आणखी एक : पहिल्या आठवड्यात प्रथिनं सर्रास नॉर्मल असतात. नॉर्मल प्रथिनं पाहून जीबीएस खोडून टाकू नये.

न्यूट्रोफिल जास्त, साखर कमी, प्रथिनं भरपूर, असं पाणी आलं की पहिला विचार जिवाणूंच्या मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या दाहाचा, येतो. सेफ्ट्रियाक्सोन सुरू होतं, दोन दिवसांनी एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, जोडली जाते, आणि पाय दिवसागणिक जातच राहतात. सीडी४ पन्नासखाली, पाय लुळे, लघवी तुंबलेली आणि पाण्यात न्यूट्रोफिल, एवढं जुळलं तर आम्ही सीएमव्हीच्या पीसीआरची वाट न बघता गॅन्सिक्लोव्हिर सुरू करतो : किलोमागे ५ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, तासाभरात शिरेतून, निदान तीन आठवडे. पन्नास किलोच्या माणसाला एका वेळी २५० मिलिग्रॅम. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते. रक्ताच्या पेशी आठवड्यातून दोनदा मोजाव्या लागतात, न्यूट्रोफिल पाचशेखाली गेले की औषध थांबवावं लागतं, आणि सोबत एआरटीतलं झिडोव्ह्युडिन असेल तर ते बदलून घ्यावं, कारण दोन्ही औषधं अस्थिमज्जेवरच घाव घालतात. डोळ्यात थेंब घालून पडदा तपासायला विसरू नये. नसांतला सीएमव्ही पुष्कळदा डोळ्यातही असतो आणि दृष्टी जायच्या आधी तो तिथे दिसतो. हा आजार उपचाराविना काही आठवड्यांत जीव घेतो. म्हणून संशय खरा असेल तर महाग औषध, दूरची प्रयोगशाळा, उद्याचा राऊंड यांतल्या कशासाठीही आम्ही थांबत नाही.

नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो ती तपासणी, पहिल्या आठवड्यात निर्णायक नसते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावी लागेल हे नातेवाईकांना आधीच सांगितलेलं बरं. हाताची त्वचा ३२ अंशांच्या वर असायला हवी. वातानुकूलित खोलीत थंडगार पडलेल्या पायाची नस मुळातच हळू चालते आणि नसलेला मायलिनचा आजार कागदावर उमटतो. कोमट पाण्यात पाय बुडवून किंवा ब्लँकेट घालून मग तपासावं. एफ वेव्ह (मज्जारज्जूपर्यंत जाऊन परतणारी लहर) उशिरा येणं किंवा न येणं ही जीबीएसची लवकर मिळणारी खूण. पुढे संदेश मध्येच अडणं, लहर पसरट होणं, वेग पडणं दिसतं. हाताची संवेदना गेलेली पण पोटरीची सुरल नस शाबूत, ही एरवीची भरवशाची खूण इथे बहुधा वापरता येत नाही, कारण जुन्या न्यूरोपॅथीनं सुरल आधीच गिळलेली असते. एमआरआयमध्ये मुळं उजळली तर तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. जीबीएसमध्ये ती उजळतात, सीएमव्हीत उजळतात, क्षयातही उजळतात.

संसर्ग बाजूला पडले, चित्र जीबीएसचं ठरलं, की उपचार एचआयव्ही नसलेल्या माणसासारखाच आणि त्याच मात्रेत. आयव्हीआयजी किलोमागे दिवसाला ०.४ ग्रॅम, पाच दिवस. पन्नास किलोला रोज २० ग्रॅम, एकूण १०० ग्रॅम. पाच टक्क्यांची १०० मिलिलिटरची बाटली ५ ग्रॅमची असते, म्हणजे रोज चार, एकूण वीस बाटल्या. अशक्तपणा सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दिलं तर फायदा. सरकारी योजनेत बसतं का, कागदपत्रं कोणती, हे पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांकडे विचारून ठेवावं. तिसऱ्या दिवशी बाटल्या संपल्या आणि मंजुरी आली नाही, असं व्हायला नको.

पहिली बाटली लावण्याआधी सगळ्या प्रतिपिंड-चाचण्यांचं रक्त काढून ठेवायचं. आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांची प्रतिपिंडं. ती अंगात गेल्यावर हिपॅटायटिस बी कोअर, सिफिलिसची टीपीएचए, सीएमव्ही आणि टॉक्सोप्लाझ्माची आयजीजी, सगळं उसनं पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि काही महिने तसंच राहतं. बाटली फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, हलवू नये, फेस होतो. शीर वेगळी हवी, त्याच नळीतून दुसरं औषध नको. पहिला अर्धा तास किलोमागे ताशी अर्धा मिलिलिटर, म्हणजे पन्नास किलोला ताशी २५. मग अर्धा तास ५०, मग १००. असं दिवसाचं औषध साडेचार-पाच तासांत जातं. घाई केली की डोकं ठणकतं, थंडी वाजते, रक्तदाब हलतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान आखडून डोकं दुखायला लागलं तर तो औषधाचा निर्जंतुक मेनिंजायटिसही असू शकतो. पण या रुग्णांत क्रिप्टोकॉकसचं पाणी निगेटिव्ह आलं होतं का, हे फाइल उघडून पुन्हा पाहावंच.

मूत्रपिंडाची काळजी दुप्पट. टेनोफोव्हिर, आयव्हीआयजी आणि कोरडं पडलेलं शरीर हा वाईट संगम आहे. आधी पुरेसं पाणी, रोज क्रिएटिनिन, लघवीचं माप, आणि साखर मिसळलेला आयव्हीआयजीचा ब्रँड टाळायचा. एआरटीतलं डोल्युटेग्रॅव्हिर नुकतंच सुरू झालेलं असेल तर क्रिएटिनिन ०.१ ते ०.२ नं वाढतं. ती मूत्रपिंडाच्या नलिकांतल्या वाहतुकीची करामत असते, मूत्रपिंडाची इजा नसते. त्याहून वर गेलं तर मात्र थांबून बघायचं. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आयव्हीआयजीनं वाढतो, पडून राहिल्यानं वाढतो आणि एचआयव्हीनंही वाढतो. चालता न येणाऱ्याला रोज ४० मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन आम्ही देतो, प्लेटलेट्स आणि मूत्रपिंड परवानगी देत असतील तर.

रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, मशीननं काढून बदलणं आयव्हीआयजीइतकंच परिणामकारक आहे. एका वेळी किलोमागे सुमारे ५० मिलिलिटर, एकाआड एक दिवस, पाच वेळा. पन्नास किलोच्या माणसाचा दर वेळी अडीच लिटर प्लाझ्मा. बदली द्रव म्हणून पाच टक्के अल्ब्युमिन लागतं आणि बाजारात बहुधा वीस टक्क्यांची १०० मिलिलिटरची बाटली मिळते. तिच्यात ३०० मिलिलिटर सलाईन मिसळलं की पाच टक्के होतं. इंजेक्शनचं साधं पाणी घालून पातळ करू नये, लाल पेशी फुटतात. उपचार चालू असताना ओठांभोवती मुंग्या आल्या तर रुग्णाला वाटतं आजार वर चढला. बहुतेक वेळा मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरलेलं असतं आणि कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश दिलं की मुंग्या जातात. डोल्युटेग्रॅव्हिर प्रथिनांना घट्ट चिकटून असतं, म्हणून त्या दिवसाची एआरटी प्लाझ्मा बदलून झाल्यावर द्यायची. आयव्हीआयजी देऊन लगेच प्लाझ्मा बदलला तर दिलेलं औषध बादलीत जातं. दोन्ही एकापाठोपाठ केल्यानं जास्त फायदा होत नाही, आणि आयव्हीआयजीचा दुसरा कोर्स लगोलग देऊनही होत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीनं दुसऱ्या कोर्सबद्दलचं हे स्पष्ट केलं. सीडी४ फार खाली असतील तर आमचा कल आयव्हीआयजीकडे असतो, कारण प्लाझ्मासोबत उरलीसुरली चांगली प्रतिपिंडंही जातात आणि मोठ्या शिरेतली नळी हे जंतूंना दारच असतं.

एचआयव्ही आहे म्हणून प्लाझ्मा बदलण्याचं मशीन नाकारण्याला वैद्यकीय आधार नाही. किट प्रत्येकाचं वेगळं आणि एकदाच वापरायचं असतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि असा भेदभाव त्यात निषिद्ध आहे. त्याच कायद्यानं रुग्णाच्या संमतीवाचून त्याचं एचआयव्हीचं नाव भावालाही सांगता येत नाही. ‘नसांचा आजार आहे, त्याचं औषध चालू आहे’ हे नातेवाईकांना सांगायला पुरेसं असतं. खाटेला वेगळी पाटी लावू नये. सुई टोचली तर कर्मचाऱ्यानं शक्यतो दोन तासांत, आणि ७२ तासांच्या आत, प्रतिबंधक गोळी सुरू करावी.

स्टेरॉइडबद्दल आम्ही ठाम आहोत : जीबीएसमध्ये त्यांचा उपयोग नाही, आणि सीडी४ खाली असताना क्षय, सीएमव्ही, क्रिप्टोकॉकस यांना रान मोकळं मिळतं. सीआयडीपीची गोष्ट वेगळी, तिथे प्रेडनिसोलोन खरंच चालतं, किलोमागे १ मिलिग्रॅमनं सुरू करून महिनोन्महिने उतरवत. तरी सीडी४ दोनशेखाली असतील तर आधी आयव्हीआयजी, पहिला २ ग्रॅम किलोमागे, मग दर तीन आठवड्यांनी १ ग्रॅम, असा प्रयत्न करावा. स्टेरॉइड द्यावंच लागलं तर क्षयाची तपासणी, क्रिप्टोकॉकल अँटिजेन, डोळ्याचा पडदा आणि हिपॅटायटिस बी आधी, आणि कोट्रायमोक्साझोल चालू. एआरटीतलं रिटोनाव्हिर प्रेडनिसोलोनचा परिणाम वाढवतं, क्षयावरचं रिफाम्पिसिन कमी करतं. मात्रा ठरवताना दोन्ही गोळ्या समोर ठेवाव्यात. कानाखालच्या लाळग्रंथी सुजलेल्या, तोंड-डोळे कोरडे, सीडी८ पेशी खूप चढलेल्या आणि पायांना वेदनादायक न्यूरोपॅथी असा रुग्ण आला तर तो डीआयएलएस, म्हणजे सीडी८ पेशी अवयवांत साचण्याचा आजार, असू शकतो. तिथे एआरटी हाच मुख्य उपचार, गरज पडली तर थोडा काळ स्टेरॉइड.

एआरटी सुरू नसेल तर कधी करायची? क्रिप्टोकॉकल आणि क्षयाचा मेनिंजायटिस नाही याची खात्री झाली की लगेच, जीबीएस आहे म्हणून लांबवायचं कारण नाही. क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस निघाला तर चार ते सहा आठवडे थांबायचं, क्षयाचा निघाला तर चार ते आठ. यासाठीच पाणी एआरटीच्या आधी काढायचं. एआरटी चालू झाल्यावर जीबीएस आला तर एआरटी बंद करू नये. जीवावरच बेतलं तर गोष्ट वेगळी.

गिळता येत नसेल तेव्हा गोळी चुरून रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, देतात. तिथे कॅल्शियम, लोह, अँटासिड, सुक्रालफेट यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास हे अंतर पाळलं नाही, तर डोल्युटेग्रॅव्हिर पोटातच अडकून राहतं. रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागतं. नसांच्या कळांसाठी गॅबापेंटिन बरं. कार्बामॅझेपिन डोल्युटेग्रॅव्हिर उतरवतं, आणि नाडी-रक्तदाब वरखाली होत असताना ॲमिट्रिप्टिलिन नको. श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आली तर स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन टाळावं, पोटॅशियम एकदम चढून हृदय थांबू शकतं. आणि रुग्ण रिटोनाव्हिरवर असेल तर मिडाझोलामची गुंगी अपेक्षेपेक्षा फार लांबते. घशातला कफ ओढताना नाडी अचानक मंदावते, म्हणून मॉनिटरवर नजर ठेवून ओढावं. रुग्ण पंधरा वर्षांखालचा असेल तर पोलिओ सर्वेक्षणासाठी शौचाचे दोन नमुने, २४ तासांच्या अंतरानं, अशक्तपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांत पाठवावे लागतात.

घरी सोडताना कार्डावर शेवटचा साठपैकीचा आकडा, आयव्हीआयजीच्या तारखा आणि बॅच नंबर लिहून देतो, आणि एआरटी केंद्राच्या समुपदेशकाला रुग्णासमोरच फोन करतो, म्हणजे फिजिओथेरपीच्या फेऱ्या आणि गोळ्यांची तारीख एका दिवशी बसवता येते. पाऊल पडत असेल तर घोट्याचा पट्टा आधी, मग चालणं. बधिर पावलाला जखम कळत नाही, म्हणून रोज रात्री तळवा आरशात बघायचा. आठ आठवड्यांनी पुन्हा बोलावतो ते ताकद मोजण्यासाठी. सुधारणा होऊन एकदा घसरण झाली तर ती आयव्हीआयजीचा परिणाम ओसरल्याची असू शकते आणि तेच औषध पुन्हा देता येतं. पण आठ आठवड्यांनंतरही घसरण चालू असेल, किंवा ती तिसऱ्यांदा झाली असेल, तर तो जीबीएस नसून सीआयडीपी आहे असं धरून नर्व्ह कंडक्शन नव्यानं करायचं आणि दर तीन आठवड्यांच्या औषधाची तजवीज लावायची.